नशा सोडून गावात परतणं: गाव सावरतं की पुन्हा ढकलतं?

पहाटवारा

माझा धाकटा भाऊ 26 वर्षांचा आहे. पाठीच्या दुखण्यासाठी मिळालेल्या गोळ्यांपासून सुरुवात झाली आणि गेली चार वर्षं ब्राऊन शुगर. तीन महिने शहरातल्या व्यसनमुक्ती केंद्रात काढून तो येत्या शनिवारी बाहेर येतोय. आईबाबा म्हणतात, सरळ घरी आण. घरी म्हणजे गावात. मी शहरात असते, माझ्याकडे एक खोली रिकामी आहे.

मला गावाची धडकी भरते. मागच्या वेळी, म्हणजे पहिल्यांदा केंद्रातून आला तेव्हा, आम्ही दोघं संध्याकाळी चालायला निघालो होतो. पाण्याच्या टाकीपाशी चार-पाच जण गप्पा मारत बसलेले. आम्ही जवळ आल्यावर बोलणं थांबलं. वाईट कुणीच बोललं नाही. फक्त एकाने कट्ट्यावर ठेवलेला मोबाइल उचलून खिशात टाकला. मी पाहिलं, भावानेही पाहिलं. रात्री जेवताना तो हळूच म्हणाला, "ताई, मला तो मोबाइल नको होता गं." पंधरा दिवसांत त्याने परत सुरू केलं.

म्हणून विचारतेय. जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात अशा ठिकाणी नशा करणाऱ्याचं, किंवा सोडू पाहणाऱ्याचं काय होतं? स्वतःचा अनुभव असेल तर कृपया लिहा, कितीही लांबलचक असला तरी.

बांधावरून

गावातच आणा. शहरात माणूस खोलीत पडून राहिला तर तीन-तीन दिवस कुणाला पत्ता लागत नाही. आमच्या चुलत्यांनी दारू सोडली तेव्हाची गोष्ट सांगतो. सकाळी दार उघडलं नाही म्हणून समोरच्या काकू कडी वाजवायला आल्या. उघडेनात, तेव्हा त्यांनी दोन पोरांना कौलं काढून आत उतरवलं. चुलते फिट येऊन पडले होते. त्या काकूंना नर्सिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण 'हा माणूस रोज सहाला उठतो' एवढं ठाऊक होतं. हे शहरात कोण ठेवतं ध्यानात?

रानवेल

बांधावरून, तुमच्या काकूंना नमस्कार. पण तीच नजर दुसऱ्या बाजूने कशी लागते ते मी भोगलंय.

मी झोपेच्या गोळ्यांत अडकले होते. आमच्या भागात समुपदेशक एकच, आणि ती माझ्या नणंदेची जाऊ. तिच्यासमोर बसून मी काय बोलणार होते? ती कुणाला सांगणार नाही हे मला पटत होतं, तरी दर कार्यक्रमात ती समोर येणार, पंगतीत शेजारी बसणार. मी दीड वर्ष गेलेच नाही. मग 60 किलोमीटरवरच्या दवाखान्यात जायला लागले, तर गाडी बाहेर उभी दिसली म्हणून आठवड्याभरात घरी चौकशी, "काय गं, बरं नाही का?" पुढच्या खेपेपासून गाडी बाजाराच्या मागे लावून चालत जायचे. मानसोपचाराच्या दारात शिरताना दिसण्यापेक्षा गोळी घेणं सोपं वाटायचं, इतकं साधं होतं ते.

बाईचं तर आणखी वेगळं. पुरुष पितो हे गाव गृहीत धरतं. बाई गोळ्या खाते म्हटल्यावर पहिला प्रश्न येतो, मुलांना कोण बघतं. त्या भीतीने बाया शेवटपर्यंत लपवतात.

कौलारू

ताई, मला नऊ वर्षं झाली सोडून. गावातही वापरलं, गावातच सोडलं. म्हणून लिहितो.

शहरात होतो तेव्हा आम्ही चौघं एकत्र ओढायचो. गावात परत आलो आणि एकट्याने घ्यायला लागलो. चारचौघांत घेतलं की बातमी, म्हणून पंपाच्या खोलीत, आतून कडी लावून. सुई मी गावात आल्यावर सुरू केली हे लोकांना खरं वाटत नाही. कारण साधं आहे. ओढायला वेळ लागतो आणि वास राहतो. सुईला दोन मिनिटं पुरतात. लपवायच्या नादात मी जास्त धोक्याच्या रस्त्याला लागलो. आणि आतून कडी लावलेल्या खोलीत काही झालं असतं तर बांधावरूनदादांच्या काकूसुद्धा पोचल्या नसत्या.

दुसरं, माल देणारा. लोक म्हणतात संगत सोड. शहरात गल्ली बदलली की संगत सुटते. गावात मला माल देणारा माझ्या वर्गातला, त्याचं शेत आमच्या शेताला लागून. एकच रस्ता. त्याच्या लग्नात मी वाढायला होतो. सोडल्यानंतरही त्याला रोज दोनदा राम राम केलाय. तो स्वतःही वापरायचा, माझ्याइतकाच बुडालेला होता. त्याला राक्षस म्हणणं मला आजही जमत नाही.

तिसरं, नाव. मला 'पावडऱ्या' म्हणायचे. सोडून दोन वर्षं झाली तरी म्हणायचे. कामाला बोलवायचे, पण घरात एकट्याला सोडायचे नाहीत. ताई, तुमच्या मोबाइलच्या प्रसंगाशी वाचता वाचता थांबलो. तो कट्टा मी ओळखतो.

आता सावरलं कशाने. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला बियाण्याच्या गोदामाची किल्ली दिली. उपदेश शून्य. म्हणाला, "सकाळी सातला उघड, रात्री लाव, वही लिही." लोकांनी त्याला वेड्यात काढलं. पहिल्या महिन्यात मी किल्ली उशाखाली घेऊन झोपायचो. एकदा वहीत चार पोती कमी लागली तेव्हा मला घाम फुटला होता. तो आला, चष्मा लावून बेरीज तपासली आणि म्हणाला, "तुझा हातचा राहिलाय." बस. मी गोदामामागे जाऊन रडलो. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर आधी माझ्याकडे बघितलं असतं, मग वहीकडे.

सुईदोरा

वरचं वाचून डोळे भरले, पण पहाटवारा, आधी एक तातडीचं. मी परिचारिका आहे, 14 वर्षं ग्रामीण भागात काढलीत.

तीन महिने बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती पार उतरलेली असते. भाऊ आधी जेवढं घ्यायचा तेवढंच परत घेतलं तर त्याचा श्वास थांबू शकतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यांत जीवघेणे असतात. गाव की शहर हे ठरायचं तेव्हा ठरू दे, ही गोष्ट दोन्हीकडे लागू आहे.

नॅलोक्सोन नावाचं औषध आहे. ब्राऊन शुगर, मॉर्फिन, तशाच गोळ्या यांच्या अतिमात्रेने थांबलेला श्वास ते परत आणतं. इंजेक्शन असतं, नाकात मारायचा फवाराही असतो. साधारण दोन ते पाच मिनिटांत परिणाम दिसतो, पण 30 ते 90 मिनिटांत उतरतो आणि माणूस पुन्हा बुडू शकतो, म्हणून दवाखान्यात न्यावंच लागतं. जे लोक अशा प्रसंगी जवळ असण्याची शक्यता आहे त्यांच्या हाती हे औषध असावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्येच सांगितलंय. रुग्णवाहिका यायला पाऊण तास लागतो अशा ठिकाणी ते घरात असणं किती मोलाचं आहे हे मी वेगळं सांगायला नको. केंद्रातल्या डॉक्टरांना शनिवारच्या आत विचारा.

आणि घरच्यांना शिकवून ठेवा: ओठ निळे पडले, घोरल्यासारखा आवाज, हाक मारून, छातीचं हाड चोळून जागा होत नाही, तर रुग्णवाहिकेला फोन, तोंडाने श्वास द्यायला लागायचं, श्वास सुरू झाला की कुशीवर वळवायचं. 'झोपू दे, उतरेल' म्हणून सोडलेली माणसं मी सकाळी पाहिली आहेत.

नवखा

खरंच विचारतोय, राग मानू नका. असं औषध घरात ठेवलं तर 'घे तू, आम्ही आहोत' असं सांगितल्यासारखं नाही का होत?

सुईदोरा

राग कसला, हा प्रश्न मला आईवडील नेहमी विचारतात. नॅलोक्सोनने नशा चढत नाही, उलट चढलेली क्षणात उतरते आणि टर्की, म्हणजे नशा तुटल्यावर होणारा शरीराचा त्रास, सुरू होते. कुणालाही ती हवीशी नसते. विहिरीवर दोर ठेवला म्हणून कुणी उडी मारत नाही.

खिडकी

औषधाचं दुकान चालवतो. बरेच दिवस हे कुठेतरी लिहायचं होतं.

एक मुलगा सिरिंज मागायला यायचा. मला कळत होतं कशाला ते. मी नाही म्हणायला लागलो. कायद्याची अडचण नव्हती, मला भीती होती की लोक म्हणतील, याच्या दुकानातून गर्दुल्ल्यांना सुया मिळतात. आसपास दुसरं दुकान नव्हतं. चार-पाच महिन्यांनी तो आला तेव्हा कोपराच्या आत एवढं मोठं गळू. एकच सुई घासून घासून वापरत होता, मित्राबरोबर. त्याने मला दोष दिला नाही, मलमपट्टी मागितली. तेव्हापासून मी कुणालाही परत पाठवत नाही. काही गिऱ्हाइकं तुटली. तुटू देत.

तळटीप

खिडकी, तुमच्या त्या गळवाचं मोठं रूप अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात घडलंय. स्कॉट काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग), त्यातलं ऑस्टिन नावाचं चार हजार वस्तीचं गाव. लोक ऑक्सिमॉर्फोन ही वेदनाशामक गोळी विरघळवून टोचून घ्यायचे, काही घरांत बाप, लेक आणि नातवंडं एकत्र, एकाच सुईने. त्या भागातलं मोफत एचआयव्ही तपासणी करणारं एकमेव केंद्र 2013 मध्ये बंद पडलं होतं. जिथे वर्षाला पाच रुग्णही सापडत नव्हते तिथे 2015 च्या अखेरीस 181 जणांना एचआयव्हीची लागण झाल्याचं निघालं. नव्या सुया वाटणं तेव्हा राज्याच्या कायद्यात बसत नव्हतं. मार्च 2015 मध्ये राज्यपालांनी आणीबाणी जाहीर करून परवानगी दिली आणि त्यानंतर साथ आटोक्यात आली.

मला त्यातली पुढची गोष्ट जास्त लागते. 2021 मध्ये तिथल्याच काउंटीच्या प्रतिनिधींनी सुयांचा कार्यक्रम बंद करायचं मतदान केलं. साथ ओसरली होती, आणि 'आमच्या गावात असलं काही नको' ही भावना तेवढीच पक्की होती. गावच्या एकोप्यामुळे सुई हातोहात गेली, आणि गावच्या अब्रूमुळे मदत दारातून परत गेली.

बांधावरून

तळटीप, शेवटचं वाक्य जड आहे, पण गावावर सगळं ढकलू नका. तिथे कामधंदा गेला होता का, दवाखाना होता का, हेही बघायला हवं.

तळटीप

बरोबर आहे तुमचं. गरिबी, बेरोजगारी, डॉक्टरांची वानवा, तिन्ही होतं. एकट्या अब्रूने साथ आली नाही.

अबोली_साता

थोडं अवांतर. व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा अभ्यास आठवला. तो करणाऱ्या संशोधक कोण, लीन रॉबिन्स की ली रॉबिन्स?

तळटीप

ली रॉबिन्स. तिथे असताना जवळजवळ पाचातला एक सैनिक हेरॉइन-अफूच्या आहारी गेला होता. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांपैकी सुमारे 5 टक्केच परत व्यसनात अडकले. जागा, माणसं, दिनक्रम, सगळं बदललं होतं. कॅनडात ब्रूस अलेक्झांडर यांनी 1970 च्या दशकाच्या शेवटी उंदरांवर प्रयोग केले. एकट्या पिंजऱ्यातल्या उंदरांनी मॉर्फिनचं पाणी जास्त प्यायलं, ऐसपैस जागेत सोबतीने राहणाऱ्यांनी कमी. नंतर इतरांनी करून पाहिले तेव्हा निकाल सारखे आले नाहीत, म्हणून त्यावर सगळा इमला बांधू नये.

बांधावरून

म्हणजे उंदरांनी सुद्धा शेजाऱ्याचा मोबाइल बघून खिशात घातला नाही.

रानवेल

दादा, हसले आणि लगेच गप्प झाले.

पण सैनिकांच्या अभ्यासातून उलटा प्रश्न पडतो. ते नशेच्या जागेपासून लांब, घरी आले. पहाटवाराचा भाऊ घरी येणार म्हणजे नशेच्याच जागी येणार. त्याची पंपाची खोली, त्याचा रस्ता, सगळं तिथेच.

निशिगंध

मनोविकारतज्ज्ञ आहे. धागा शांतपणे वाचला. अंतराबद्दल बोलतो, कारण खेड्यातल्या रुग्णांना आजारापेक्षा अंतरच जास्त हरवतं.

मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही दोन औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत 2005 पासून आहेत. टर्की आणि ओढ दोन्ही दबतात, आणि औषध चालू असेपर्यंत मृत्यूचं प्रमाण स्पष्टपणे खाली येतं. अडचण अशी की मेथाडोन बहुधा रोज केंद्रात जाऊन, समोर प्यावं लागतं. पहाटेची पहिली गाडी पकडून दोन तास जायचं, दोन घोट घ्यायचे, दोन तास परत. कोणता मालक अशा माणसाला कामावर ठेवेल? ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली विरघळवायची असते, काही ठिकाणी घरी न्यायला मिळते. आता आठवड्याने किंवा महिन्याने टोचायचं इंजेक्शनही निघालंय. लांब राहणाऱ्यासाठी ते वरदान आहे, पण अजून सगळीकडे पोचलेलं नाही. पहाटवारा, भावाला यातलं काही चालू आहे का, आणि गावी गेल्यावर ते कुठून मिळणार, हे आधी विचारा. खोली कुठे हा प्रश्न त्यानंतरचा.

आणि एक, बांधावरून यांच्या चुलत्यांवरून. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम आणि कंप सुरू होऊन जीवही जाऊ शकतो. 'खोलीत कोंडून ठेवा, चार दिवसांत सुटेल' हा उपाय लोक मायेपोटी करतात. कृपया करू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवा.

कौलारू

डॉक्टरसाहेब, आदर ठेवून सांगतो, मला ही औषधं पटत नाहीत. एक सोडून दुसरं धरायचं, मग सुटलं काय? मी फेलोशिपच्या, म्हणजे नशा सोडलेल्यांनी एकमेकांसाठी चालवलेल्या गटाच्या, मीटिंगवर उभा राहिलो. आधी 90 किलोमीटर जायचो, आता फोनवर मीटिंग होते.

निशिगंध

तुमची नऊ वर्षं तुमची आहेत, त्यापुढे मी मान झुकवतो. पण मधुमेहाचा माणूस रोज इन्शुलिन घेतो तेव्हा आपण त्याला इन्शुलिनचा व्यसनी म्हणत नाही. औषधावर असलेला माणूस कामाला जातो, पोरांना शाळेत सोडतो, पुडीच्या मागे धावत नाही. मीटिंग आणि औषध, दोन्ही चालतं. आणि 'गोळीवर आहेस म्हणजे तू अजून वापरतोयस' हे वाक्य ऐकून औषध तोडलेले रुग्ण मी गमावलेत.

कौलारू

माझा एक मित्र तसाच गेला. मीच त्याला ते म्हणालो होतो. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मत लगेच बदललं असं म्हणणार नाही, पण ते वाक्य मी पुन्हा कुणाला म्हणत नाही.

सुईदोरा

दादा, लिहिलंत हे फार झालं.

अबोली_साता

सगळा धागा वाचून एक विचारू का? आपण गाव बरं की वाईट यावर तावातावाने बोलतोय. पहाटवारा, भाऊ काय म्हणतो? त्याला विचारलंत?

पहाटवारा

अबोली, तुमचा प्रश्न वाचून मी मोबाइल बाजूला ठेवला. नव्हतं विचारलं. आईबाबांशी बोलले, नवऱ्याशी बोलले, तुम्हा सगळ्यांशी बोलले. आज केंद्रात जाऊन त्याला विचारून आले.

पहिल्यांदा म्हणाला, "तुम्ही ठरवाल ते." मग बराच वेळ बाहेरच्या झाडाकडे बघत बसला. मग म्हणाला की त्याला घरी जायचंय, पण लगेच नको, आधी दोन महिने माझ्याकडे. आणि एक अट आहे. बाबांनी गावात सांगून ठेवलंय की तो कुठल्याशा कोर्सला गेलाय. ते त्याला नकोय. मी म्हटलं, "अरे, तुझ्यासाठीच सांगितलंय, लोकांनी नाव ठेवू नये म्हणून." तर म्हणाला, "ताई, तो कोर्स मला रोज निभवावा लागेल. काय शिकलास, नोकरी कधी लागणार. चार लोकांशी खोटं बोललो की पाचवी गोष्ट लपवायला मला काहीच वाटत नाही. मागच्या वेळी तसंच झालं."

मला वाटत होतं मोबाइलवाल्या माणसामुळे तो परत घसरला. तो म्हणतो, तेव्हाही आम्ही सगळ्यांना 'पाठीचं ऑपरेशन झालं' असं सांगितलं होतं, आणि तो दिवसभर लंगडण्याचं नाटक करत होता. हे मला आज कळलं. मी त्याच्या शेजारून चालत होते आणि मला दिसलं नाही.

रानवेल

बाजारामागे लावलेली माझी गाडी आठवली.

बांधावरून

बाबांना सांगणं सोपं नाही हो. त्या पिढीला अब्रू म्हणजे काय ते मी जाणतो. तुमच्या वडिलांशी बोलायला गावातलंच कुणी वयाने मोठं, ज्यांचं ते ऐकतात असं माणूस बघा. लेकीने सांगितलेलं ते मनावर घेतील, पण आत कुढत राहतील.

पहाटवारा

आहेत एक मास्तर. रविवारी मी आणि मास्तर मिळून बाबांशी बोलणार आहोत.

सुईदोरा, नॅलोक्सोनचं विचारलं. डॉक्टरांनी दिलं आणि वापरायचं कसं ते मला आणि नवऱ्याला दोनदा करून दाखवलं. एक आईसाठीही मागून घेतलंय. निशिगंध, भाऊ जिभेखालच्या गोळीवर आहे. गावाजवळ ती कुठे मिळेल याची चौकशी केंद्रवाले करतायत. ते नक्की होईपर्यंत तो माझ्याकडेच.

कौलारूदादा, त्याला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. गोदामाच्या वहीचं दोनदा वाचायला लावलं. विचारत होता, तुम्ही फोनवर बोलाल का. आणि अजून एक विचारायला सांगितलंय, तो शेजारच्या शेतातला तुमचा वर्गमित्र, त्याचं काय झालं?

कौलारू

बोलेन की. नंबर निरोपातून पाठवतो. रात्री नऊनंतर कधीही, मध्यरात्री लागला तरी उचलेन.

वर्गमित्र आहे. मागच्या वर्षापासून माझ्याबरोबर मीटिंगला बसतो. तीनदा घसरला, चौथ्यांदा आलाय. गोदामाची दुसरी किल्ली त्याच्याकडे असते.